कड्यातून गेलेलं भजं

भजं तोंडात टाकण्याआधी ते पोलादी कड्यातून आरपार काढून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दुसरा कुणी असेल तर त्याचा पत्ता मला कळवू नका. एकाच्या शेजारात राहून माझी भज्यांवरची श्रद्धा आधीच निम्मी उडाली आहे.

शंकरराव खटावकर. पिंपरीच्या एकाच कारखान्यात आम्ही दोघं नोकरीला आणि संत तुकाराम नगरात एकाच जिन्यावर समोरासमोर राहायला. मी प्लॅनिंगला, म्हणजे माल कधी निघेल याच्या थापा मारण्याचं खातं. ते इन्स्पेक्शनला, म्हणजे निघालेला माल परत पाठवण्याचं खातं. दिवसभर कारखान्यात आमची जुंपायची आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये एकाच बाकावर बसून घरी यायचो. बसमध्येही ते गप्प नसत. ड्रायव्हरनं वळण घेतलं की म्हणत, "त्रिज्या चुकली."

त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. लोक तर असं सांगत, की एकदा पहिल्या शिफ्टला फाटकाशी उभे असताना त्यांनी उगवत्या सूर्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "डाव्या अंगाला चपटा आहे." त्या दिवशी दुपारपर्यंत ऊन पडलं नाही म्हणतात. मी काही हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण सांगणारा माणूस सुट्टीवर होता आणि केवळ हे बघायला पहाटे उठून आला होता, त्यामुळे तो खोटं कशाला बोलेल?

"ड्रॉइंगला धरून नाही" हे त्यांचं पालुपद. कारखान्यात ठीक आहे, तिथं प्रत्येक वस्तूचं ड्रॉइंग असतं. पण माझ्या बायकोच्या पोळीचं ड्रॉइंग कुठून आणायचं? मालतीनं एकदा हौसेनं त्यांना जेवायला बोलावलं. त्यांनी पोळी ताटातून उचलली, उजेडासमोर धरली, गोल फिरवली आणि काही न बोलता परत ठेवली. ते न बोलणं पुढं वर्षभर मालतीच्या जिव्हारी लागलं होतं. वरच्या मजल्यावर बारसं होतं तेव्हा हे पाळण्यात डोकावले आणि बाळाच्या बापाला धीर देत म्हणाले, "कान ड्रॉइंगला धरून नाहीत. पण काळजी करू नका, रिवर्क होईल." त्या बापानं त्यांना घुगऱ्या दिल्या नाहीत.

हे सगळं सोसवत होतं. खरा छळ रविवारचा.

रविवारी सकाळी खटावकर सफरचंदाची भजी करत. कांदा नाही, बटाटा नाही, सफरचंद. त्या काळी सफरचंद हे आमच्याकडे फळ नव्हतंच, औषध होतं. कुणाच्या पिशवीतून सफरचंद डोकावलं की लोक सायकल थांबवून विचारत, "कोण ॲडमिट आहे?" असलं फळ हे गृहस्थ दर आठवड्याला आणून कढईत सोडत.

त्यांच्याबरोबर बाजारात जाण्याचा प्रसंग माझ्यावर आला होता. पिंपरी कॅम्पातल्या फळवाल्यासमोर ते उकिडवे बसले. एकेक सफरचंद हातात घेऊन कानाशी नेऊन टिचकी मारत. नारळाला टिचकी मारतात हे मला ठाऊक होतं. फळवाला आधी हसला, मग गप्प झाला, मग त्यानं उदबत्ती लावली. अखेर खटावकरांनी चार सफरचंदं बाजूला काढली तेव्हा तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "साहेब, यांना पुढच्या वेळी केळी घ्यायला सांगा."

घरी आल्यावर साल काढणं, बिया काढणं, चौकोनी फोडी करणं. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून लिंबू. मग मैदा, चमचाभर तांदळाची पिठी, दूध, साखर, वेलदोडा, मिठाची कणी. पीठ फेटताना ते चमचा उंच धरून धार बघत, आणि धार मनासारखी नसली तर थेंब थेंब दूध घालत. हे सगळं चालू असताना आमच्या घरी दोन चहा होऊन तिसऱ्याचं आधण ठेवलेलं असे. फोड पिठात बुडाली की फुगणार, तेलात आणखी फुगणार, म्हणून फोड आधीच तेवढी लहान कापायची. याला ते "फुगवट्याची सूट" म्हणत. मी विचारलं, "खटावकर, एवढा हिशेब कशाला? भजंच आहे ना?" ते म्हणाले, "म्हणूनच तुमचं प्लॅनिंग बोंबलतं."

पहिल्यांदा त्यांनी मला खायला बोलावलं तेव्हा मी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, मोठ्या आशेनं गेलो होतो. कढईतून भजी निघाली. सोनेरी, गोल, टपोरी. वास असा, की तळमजल्यावरचं म्हातारं कुत्रं, जे आजवर पायरी चढलं नव्हतं, ते जिना चढून दारात येऊन बसलं. मी हात पुढं केला. खटावकरांनी माझ्या मनगटावर झारा ठेवला. झारा गार होता एवढीच त्यांची दया.

"इन्स्पेक्शन व्हायचंय," म्हणाले.

आणि खिशातून ते कडं काढलं. कारखान्यात गोल वस्तूची जाडी बघायची तर ती अशा कड्यातून घालून बघतात. त्याला रिंग गेज म्हणतात. गेली तर पास, अडली तर परत. खटावकरांचं हे कडं खास भज्यांसाठी घडवलेलं. उत्तम पोलाद, आतून आरशासारखं घासलेलं, रुपयाच्या नाण्याहून थोडंसं लहान भोक. त्यांनी एकेक भजं चिमटीत धरून त्यातून खाली सोडायला सुरुवात केली. जे सुळकन गेलं ते ताटलीत, त्यावर पिठीसाखर आणि दालचिनीची पूड. जे अडलं ते दुसऱ्या ताटलीत आणि त्याच्या डोक्यावर लसणाच्या चटणीचा लाल ठिपका.

"हे काय?"

"रिजेक्ट मालाला लाल रंग लावतात. नाहीतर चुकून बाहेर जातो."

गोड भज्यावर लसणाची चटणी! आणि ही लाल ठिपक्याची भजी दुसऱ्या कुणाला मिळत नसत. ती सगळी ते स्वतः खात, तोंड वाकडं करून, एखादं प्रायश्चित्त घ्यावं तशी. मी आपला कळवळून म्हणालो, "अहो, मला द्या ना मोठी. मी दोन घासांत खाईन."

"एका घासाचंच पाहिजे."

"पण माझा घास मोठा आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडे एकवार पाहिलं. "तुमचा प्रश्न नाही, बारटक्के," म्हणाले, आणि पास झालेली भजी सुमनवहिनींना आत नेऊन दिली. मला चार मिळाली. चारही एवढीशी. ती खाऊन पोट भरायचं तर कारखान्याची एक पूर्ण शिफ्ट लागली असती.

सुमनवहिनी म्हणजे त्यांची पत्नी. आम्ही त्या जिन्यावर राहायला जाण्याच्या थोडं आधी त्यांच्या जबड्यात गाठ झाली होती. पुण्याला ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, त्या घरी आल्या, विषय संपला, असं आम्ही धरून चाललो होतो. बोलत थोडं दाताखाली धरल्यासारखं, पण मुळात बोलणंच कमी. एक गोष्ट मात्र बायकांच्या डोळ्यांवर येई. वहिनी चार माणसांत काही खात नसत. हळदीकुंकवाला येत, बसत, सगळ्यांची चौकशी करत, आणि खायची बशी समोर आली की तेवढं रुमालात बांधून "घरी नेते" म्हणत.

एकदा साबुदाणावडा रुमालात गेल्यापासून मालतीनं तर डूखच धरला होता. "नवऱ्याला माझी पोळी चालत नाही, बायकोला माझा वडा चालत नाही. मोठी माणसं आहेत," असं ती भांडी घासताना म्हणे, आणि समोरच्या दारापर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणे.

तर हे असं चाललं असताना खंडेनवमी आली.

आमच्या पट्ट्यात दिवाळीपेक्षा खंडेनवमीचा थाट मोठा. त्या दिवशी यंत्रांची पूजा. लेथला झेंडूचे हार, ड्रिलिंग मशीनला आंब्याची डहाळी, आणि ज्या फोरमननं वर्षभर शिव्या घातल्या तोच हातात प्रसाद ठेवतो. एरवी रखवालदार ज्यांना फाटकाशी उभं करत नाही ती बायकामुलं त्या दिवशी आत येतात आणि बाबा कुठं उभा राहतो, कुठल्या चाकाला हात लावतो, ते बघतात. खायला ठरलेलं, कँटीनचा बटाटेवडा आणि पेढा. वडा तळायचा ज्ञानबानं. हा चऱ्होलीचा, कँटीनचा मुख्य आचारी, आणि त्याचा वडा म्हणजे एका हातात धरला तर दुसऱ्या हातानं आधार द्यावा लागे. त्या वड्यानं एकदा खिडकीची काच फुटल्याचं मी ऐकलं आहे. काचेचं माहीत नाही, पण वड्याला काही झालं नव्हतं.

खाण्याच्या कमिटीचा सेक्रेटरी मी. बैठकीत खटावकर उभे राहिले आणि म्हणाले, या वर्षी वडा रद्द. सफरचंदाची भजी. एका घासाची.

कँटीनमध्ये सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं, आजारी आहोत का आम्ही? कुणी म्हणालं, देवाला काय वाटेल? मी त्यांना बाजूला घेतलं आणि हात जोडले. म्हटलं, राव, घरचा छळ घरी ठेवा. सगळ्या कारखान्याला का?

तेव्हा त्यांनी माझ्या कोपराला धरलं. हा माणूस कुणाला हात लावत नसे.

"बारटक्के, या खंडेनवमीला मी हिला घेऊन येणार आहे. पूर्वी दर वर्षी यायची. माझ्या टेबलाला कुंकू लावायची. ऑपरेशन झाल्यापासून चार माणसांत तिनं एक घास खाल्लेला नाही. मला तिला बायकांत बसून खाताना बघायचंय. एवढं एकदा होऊ द्या."

मी म्हटलं, होऊ द्या की, वड्यानं काय घोडं मारलंय? ते म्हणाले, "वडा ड्रॉइंगला धरून नाही." माझ्या डोक्याची शीर उडायला लागली. पण कोपर त्यांनी सोडलेलं नव्हतं. कमिटीला मी काय थापा मारल्या ते सांगत नाही. थापा मारणं हे माझं खातंच होतं. ठराव पास झाला.

मग सराव सुरू झाला. रोज दुपारी कँटीनच्या भटारखान्यात ज्ञानबा तळायचा आणि खटावकर कडं घेऊन उभे. ज्ञानबाच्या हाताला मोठ्या डावाची सवय. त्याची पहिली खेप पाहून खटावकरांनी डोळे मिटून घेतले. सगळी खेप लाल ठिपक्याची. दुसरी तशीच. घरी रिजेक्ट माल ते स्वतः खात, पण इथं घमेली भरायला लागली तेव्हा त्यांनी नाइलाजानं तो दुसऱ्या शिफ्टच्या पोरांना वाटला. झालं, दुसरी शिफ्ट देवाला साकडं घालायला लागली, की ज्ञानबाचा हात आणखी बिघडो. लोक कामावर येताना आधी कँटीनच्या खिडकीशी येऊन विचारत, "आज रिजेक्शन किती, भावा?" आमच्या कारखान्यात रिजेक्शन वाढल्याचा आनंद होण्याचा तो एकमेव आठवडा.

ज्ञानबा मात्र पार कावला. "सायेब," तो मला म्हणाला, "माझा बा आळंदीला भंडाऱ्याचा सैपाक करायचा. हजार पानं उठायची. कुनी भजं नळकांड्यातनं काढून न्हाई बघितलं. ह्ये भजं हाय का बेरिंगमधली गोळी?"

मी म्हटलं, काढ दिवस. एका दिवसाचा प्रश्न आहे.

"मला वडा करू द्या. गपचिप करतो. कुनाला कळनार न्हाई."

त्याचा वडा गपचिप होणं म्हणजे हत्तीनं चवड्यावर चालणं. मी त्याला दम भरला आणि निघून आलो.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. तीनच्या सुमारास बसमधून बायकामुलं उतरली. आणि खरोखर, सुमनवहिनीही उतरल्या. मोरपंखी रंगाची नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू. खटावकर त्यांना आत घेऊन आले ते असे, की जणू काचेचं कपाट चार माणसांनी मिळून आणावं आणि चारही माणसं हेच. वहिनींनी त्यांच्या टेबलाला कुंकू लावलं. खटावकर तेव्हा दुसरीकडे बघत होते. मग वहिनी इन्स्पेक्शन खात्यात अंथरलेल्या ताडपत्रीवर इतर बायकांत जाऊन बसल्या, योगायोगानं आमच्या मालतीच्या शेजारी. मालती थोडी सरकून बसली. जागा करून द्यायला नाही, अंतर पडावं म्हणून.

खटावकर तीरासारखे भटारखान्याकडे सुटले. मागोमाग मी. माझं नशीबच तसं.

आत जाऊन बघतो तर भजी तळून तयार. घमेलीच्या घमेली. आणि एकेक भजं चांगलं कागदी लिंबाएवढं. खटावकरांनी खिसा चाचपला, मग आठवलं की कडं सकाळी त्यांनी ज्ञानबाकडेच दिलं होतं, विश्वासानं.

"कडं कुठाय?"

ज्ञानबानं डाव खाली ठेवला, हात पुसले आणि भक्तिभावानं कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं पाटावर त्यानं पूजा मांडली होती. मध्यभागी कडं. धुऊन पुसून लखलखीत केलेलं, हळदीकुंकू लावलेलं, वर अक्षता, भोकात झेंडूचं फूल उभं केलेलं.

"हत्यार हाय न्हवं सायेब. पुजलं. आता आज न्हाई उचलायचं."

याला म्हणतात डाव टाकणं. कारण पूजेला मांडलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा नियम कारखान्यात सगळ्यात कडक पाळणारा माणूस एकच होता. मागे एकदा मॅनेजरनं खंडेनवमीला एक अर्जंट जॉब काढायला सांगितला होता, तेव्हा खटावकरांनी पुजलेला मायक्रोमीटर उचलायला साफ नकार देऊन नोकरी पणाला लावली होती. ज्ञानबाला हे पक्कं ठाऊक होतं.

"मग डाव, कढई? त्यांची पूजा नाही केलीस ती?" खटावकर घशातल्या घशात म्हणाले.

"त्यांची पूजा लोकांच्या पोटातनं हुती."

तोवर कँटीनच्या पोरांनी ताटल्या उचलून पंगतीकडे न्यायला सुरुवातही केली होती. खटावकर दारात आडवे उभे राहिले. वाटप थांबवा म्हणाले. सगळी परत घ्या, पुन्हा लहान तळू. बाहेर दोनशे पोरं भुकेनं यंत्रांचे हार ओरबाडत होती. इतक्या दिवसांचं माझं सगळं सोसणं तिथं एकदम उतू गेलं. मी त्यांना म्हटलं, खटावकर, पुरे आता. रविवार खाल्लेत, बाजार खाल्लात, कमिटी खाल्लीत, माझ्या डोक्याचा भुगा केलात. भजं लिंबाएवढं झालं म्हणून आभाळ कोसळतं का? काय अडतंय तुमचं?

त्यांनी दाराची चौकट धरली.

"तिचं तोंड तेवढंच उघडतं, बारटक्के," ते म्हणाले. "त्या कड्याएवढं."

त्यांनी पाटावरच्या कड्याकडे बोट केलं.

"दवाखान्यातून आल्यावर मीच मापलं होतं. पुढं वाढेल म्हणाले डॉक्टर. नाही वाढलं. सगळे मोठा घास घेतात आणि हिला एकटीला तुकडे करत बसावं लागतं. लोक बघतात. म्हणून ती रुमालात बांधते. मला वाटलं, सगळ्यांचंच भजं तिच्या घासाएवढं असलं तर कुणाला कळणारच नाही."

ज्ञानबानं स्टोव्ह बंद केला. पाटाकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. एवढ्यात पोरं दुसऱ्या दारानं ताटल्या घेऊन गेलीसुद्धा.

मी जवळजवळ पळतच पंगतीशी पोहोचलो. चहाची किटली हातात घेतली, म्हणजे तिथं घोटाळायला निमित्त. वहिनींच्या पुढ्यात ताटली आली होती. त्या भज्याकडे बघत होत्या. मालतीचं भजं अर्धं खाऊन झालं होतं आणि ती ठेवणीतल्या आवाजात म्हणाली, "तुम्ही घरीच न्याल, नाही का?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "इथंच खाईन म्हणते. पण मला मोठा घास घेता येत नाही हो. ऑपरेशनपासून तोंड एवढंच उघडतं. मोडून मोडून खाईन, वेळ लागेल. चालेल ना?"

मालती पुन्हा सरकली, या वेळी वहिनींच्या जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी.

"लागू दे की वेळ," ती म्हणाली. "बस आपल्याला घेतल्याशिवाय जातेय कुठं?"

वहिनींनी भज्याचा एक कण मोडला, तोंडात ठेवला, आणि मग मालतीकडे झुकून असं काही म्हणाल्या की किटली माझ्या हातात तशीच राहिली.

"यांना सांगू नका, पण मला सफरचंद मुळीच आवडत नाही. लहानपणापासून. दवाखान्यात जो येई तो सफरचंदंच आणी. ती तशीच पडून राहत, तर यांना वाटलं, चावता येत नाही म्हणून खात नाही. मग मऊ करून घालायचा ध्यास घेतला. दर रविवारी एवढं करतात. कसं सांगायचं?"

"आणि हळदीकुंकवाला हो? माझा साबुदाणावडा तरी...?"

"तेव्हा धीर नव्हता. आणि घरी हे समोर बसतात ना, तर प्रत्येक घास डोळ्यांनी मोजतात. मायेनंच. पण मग तो खाली उतरत नाही." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "या वर्षी बटाटेवडा नाही का? मी खरं तर त्यासाठी आले होते."

मी काही बोलायच्या आत ज्ञानबा माझ्या मागं उभा होता. डोईवर परात, परातीवर धुतलेलं फडकं, आणि फडक्याखाली काय असणार ते सांगायला नको. गपचिप केलेले. त्यानं परात खाली ठेवली, एक वडा वहिनींच्या ताटलीत ठेवला आणि खाली मान घालून म्हणाला, "माय, सावकास खा. मी हाय हितंच."

खटावकर कुठं दिसेनात. शोधत गेलो तर मशीन शॉपमध्ये, बंद असलेल्या मोठ्या लेथसमोर, पंगतीकडे पाठ करून उभे. ताडपत्री तिथून पंधरा पावलांवर. वळले असते तर सगळं दिसलं असतं.

"वळा ना," मी म्हटलं.

"नको. मी बघितलं की ती थांबते." त्यांनी हात लेथवर ठेवला होता, तिथंच राहिला. "तुम्ही बघा. खातेय का?"

मी वळून पाहिलं. वहिनी वड्याचे बारीक तुकडे मोडत होत्या, एकेक तोंडात टाकत होत्या, आणि मालती त्यांना काहीतरी सांगत होती. बहुतेक माझ्याविरुद्ध.

"खातेय," मी म्हटलं. काय खातेय ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

"लोक बघतायत?"

"कुणी नाही बघत. सगळे आपापलं खातायत."

लहान पोरं मशिनांमधून धावत होती, कुणीतरी त्यांना ओरडत होतं.

"अजून?"

"अजून. आता ज्ञानबाला हाक मारली. दुसरं मागतेय."

"खुणेनं?"

"नाही. मोठ्यानं. मला इथवर ऐकू आलं."

त्यांनाही ऐकू आलंच असणार. पण ते वळले नाहीत. बंद लेथकडे तोंड करून, एखादं नाजूक काम चालू असावं आणि जरा हललं तर बिघडेल अशा बेतानं, बस सुटायची वेळ होईपर्यंत ते तिथंच उभे राहिले.